आडतीची पट्टी सर्व्हरवर नेताना

लातूरच्या मार्केट यार्डातील काही आडत दुकानांची हिशोबाची संगणकप्रणाली मी सांभाळते. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालविक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, काढणारा जावा या प्रोग्रामिंग भाषेतला एक क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक स्वयंपूर्ण भाग, या प्रणालीच्या गाभ्याशी आहे. मालाचे वजन, कट्ट्यांची संख्या, सौद्यात निघालेला भाव, हमाली आणि तोलाईचे दर एवढे त्याला दिले की ढोबळ रक्कम, कपाती आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी निव्वळ रक्कम तो काढून देतो. त्याच नोंदीवरून खरेदीदाराचे बिलही तयार होते, ज्यात बाजार फी आणि देखरेख खर्च लागतो. हा क्लास पूर्वी प्रत्येक दुकानाच्या संगणकावर स्वतंत्रपणे बसवलेला असे. हमालीचे दर बदलले की दुकानोदुकानी जाऊन नवी फाईल बसवावी लागे, आणि सोयाबीनच्या ऐन हंगामात, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ते काम एका दमात उरकणे शक्य नसे. मधल्या काळात एकाच भावाने तेवढाच माल दोन दुकानांत घालणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती वेगवेगळ्या कपातींच्या दोन पट्ट्या पडू शकत होत्या. औशाचा किंवा रेणापूरचा शेतकरी त्या दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी ठेवून पाहतो, आणि त्याच्या प्रश्नाला ‘या दुकानातली फाईल जुनी आहे’ हे उत्तर होऊ शकत नाही. हिशोबाचा नियम एकाच ठिकाणी राहावा आणि सगळ्या दुकानांनी तो तिथूनच चालवावा, म्हणजेच हा क्लास सर्व्हरवर बसवून दूरस्थ सेवा म्हणून उपलब्ध करावा, असे ठरले. त्या कामाचा हा वृत्तान्त आहे. आपापल्या तालुक्याच्या गावी असेच काम करणाऱ्या प्रोग्रामरना तो उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

कोड हलवण्याआधी तो क्लास मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पुन्हा वाचून काढला, आणि हे वाचन पुढच्या सगळ्या कामाइतकेच महत्त्वाचे ठरले. दुकानातल्या संगणकावर एका वेळी एकच मुनीम एकच पट्टी करतो, हे गृहीत धरून तो लिहिलेला होता. चालू पट्टीचे वजन, भाव आणि कपाती त्या क्लासपासून बनलेल्या ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये, म्हणजे आतल्या कप्प्यांत, साठत; आधी वजन भरायचे, मग भाव, मग कट्टे, आणि शेवटी एकूण रक्कम विचारायची, असा त्याचा क्रम होता. सर्व्हरवर मात्र अनेक दुकानांच्या विनंत्या एकाच क्षणी येतात आणि प्रत्येक विनंती वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या स्वतंत्र धाग्यावर, चालते. तोच ऑब्जेक्ट सगळ्यांना दिला, तर एका दुकानाने भरलेले वजन आणि दुसऱ्या दुकानाने भरलेला भाव एकाच पट्टीत जाऊन बसण्याचा धोका उघड होता; आणि असा दोष चाचणीत क्वचितच सापडतो, कारण चाचणी करणारा माणूस एकटा असतो. म्हणून सगळी फील्ड काढून टाकली. लागणारी सर्व माहिती एका न बदलणाऱ्या ऑब्जेक्टमधून मेथडला, म्हणजे क्लासमधील कृतीला, द्यायची, मेथडने आपल्या स्थानिक चलांत हिशोब करायचा आणि तसाच न बदलणारा निकाल परत करायचा, एवढेच ठेवले. क्लासच्या अंगी स्वतःची स्मृतीच उरली नाही, तेव्हा एकाच वेळी कितीही थ्रेड त्यात शिरले तरी एकाचा हिशोब दुसऱ्यात मिसळण्याचा प्रश्न राहिला नाही.

याच बदलाने दुसरीही एक अडचण दूर झाली. एका पट्टीसाठी जुन्या क्लासच्या डझनभर लहान मेथडना हाक मारावी लागे. एकाच संगणकात अशा हाकेला नगण्य वेळ लागतो. तारेपलीकडच्या हाकेचे तसे नाही. लातूर ते मुंबई हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला, वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरला नाही तरी, किमान ५ मिलिसेकंद लागणारच. दुकानात मोबाइल नेटवर्कचा राउटर असेल तर त्यात आणखी कितीतरी भर पडते आणि ती दर वेळी वेगळी असते. बारा हाका मारल्या तर ही किंमत बारा वेळा मोजावी लागते. ‘पट्टी तयार कर’ ही एकच हाक आणि तिच्यासोबत संपूर्ण नोंद, असा इंटरफेस त्यामुळे आपोआपच ठरला. मुनीमजींच्या दृष्टीनेही पट्टी ही एकच गोष्ट असते. अर्धी पट्टी असे काही व्यवहारात नसते. दूरस्थ सेवेचा इंटरफेस आखताना प्रोग्रामच्या सोयीपेक्षा व्यवहारात जे एकक आहे ते पाहावे, असे माझे या अनुभवानंतरचे पक्के मत आहे.

दूरच्या यंत्रावरील कार्यपद्धती आपल्याच यंत्रावर असल्यासारखी हाक मारून चालवता यावी, ही कल्पना जुनी आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी ती कशी राबवली, याचे सविस्तर वर्णन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वॉल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कल्पनेची मर्यादा नेमकी दाखवून दिली. लागणारा वेळ, स्मृतीपर्यंतची पोहोच, एकाच वेळी चालणारी कामे आणि अर्धवट बिघाड, या चार बाबतींत जवळचा ऑब्जेक्ट आणि दूरचा ऑब्जेक्ट मुळातच वेगळे आहेत, आणि ते सारखेच असल्याचे भासवणाऱ्या प्रणाली अडचणीत येतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९९७ मध्ये जावाच्या १.१ आवृत्तीबरोबर आलेल्या रिमोट मेथड इन्व्होकेशनमध्ये, म्हणजे आरएमआयमध्ये, या विचाराची खूण दिसते. त्यात दूरस्थ इंटरफेसच्या प्रत्येक मेथडने ‘रिमोट एक्सेप्शन’ जाहीर करावे लागते आणि हाक मारणाऱ्याला ते हाताळल्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही. अनेकांना ही सक्ती जाचक वाटते. मला ती आरएमआयची सर्वांत मोलाची शिकवण वाटते, कारण पलीकडून उत्तर येणारच नाही, ही शक्यता ती प्रोग्रामरला क्षणभरही विसरू देत नाही.

मी सुरुवात आरएमआयनेच केली. इंटरफेस लिहिला, क्लासने तो अंगीकारला, रजिस्ट्रीत, म्हणजे सेवा कुठे सापडेल हे सांगणाऱ्या यादीत, त्याचे नाव नोंदवले, आणि एकाच दुकानातील दोन संगणकांवर, काट्याजवळच्या आणि गादीजवळच्या, सगळे व्यवस्थित चालले. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये नेल्यावर खरा स्वभाव कळला. आरएमआयच्या रजिस्ट्रीचे ठरलेले पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, १०९९ आहे, पण रजिस्ट्री फक्त पत्ता सांगते. प्रत्यक्ष ऑब्जेक्टचा संवाद वेगळ्या पोर्टवर चालतो आणि ते पोर्ट आपण ठरवून दिले नाही, तर दर वेळी नवे असते. फायरवॉलमध्ये कोणते दार उघडे ठेवायचे, हेच मग सांगता येत नाही. त्याहून गोंधळात पाडणारी गोष्ट म्हणजे ग्राहकाच्या, म्हणजे दुकानातील प्रोग्रामच्या, हाती येणाऱ्या स्टबमध्ये, म्हणजे दूरच्या ऑब्जेक्टच्या प्रतिनिधीत, सर्व्हरने स्वतःला समजलेला स्वतःचा पत्ता लिहिलेला असतो. उबुंटूसारख्या लिनक्सवर यंत्राचे नाव पुष्कळदा १२७.०.१.१ या, यंत्राच्या स्वतःपुरत्या पत्त्याशी जोडलेले असते, आणि क्लाउडमधील यंत्राला तर आपला खासगी पत्ताच तेवढा माहीत असतो. परिणामी लातूरचे दुकान स्टब मिळवते आणि मग तो सर्व्हर स्वतःच्याच संगणकात शोधू लागते. ऑब्जेक्टचे पोर्ट निश्चित करून आणि सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता जेव्हीएमला एका प्रॉपर्टीतून सांगून या दोन्ही अडचणी सुटतात, आणि त्या तशा सुटल्याही.

तरीही आरएमआय सोडायचे ठरवले, ते सुरक्षिततेच्या कारणाने. आरएमआय जावाचे ऑब्जेक्ट सिरियलाइझ करून, म्हणजे बाइटच्या रांगेत बदलून, पाठवते आणि सर्व्हर आलेल्या बाइटमधून ऑब्जेक्ट पुन्हा उभा करतो. हा ऑब्जेक्ट उभा होत असतानाच त्याच्या क्लासमधील काही कोड चालू शकतो, आणि अपाची कॉमन्स कलेक्शन्ससारख्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतील क्लास साखळीने जोडून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते, हे २०१५ मध्ये जगासमोर आले. २०१७ च्या जावा ९ मध्ये अशा आवकेला चाळणी लावण्याची सोय झाली आणि पुढे ती जुन्या आवृत्त्यांनाही मिळाली. पण ज्या सर्व्हरवर शेतकऱ्यांची नावे आणि रकमा आहेत, त्याचे असे दार खुल्या इंटरनेटवर ठेवून चाळणीच्या भरवशावर राहणे मला मान्य नव्हते. शिवाय सर्व दुकानांत आणि सर्व्हरवर तेच क्लास त्याच रूपात असावे लागतात, म्हणजे दुकानोदुकानी फाईल बदलत फिरण्याचे जे दुखणे टाळायचे होते, तेच मागच्या दाराने परत येणार होते.

म्हणून तोच क्लास एचटीटीपीवर, म्हणजे वेबच्या नेहमीच्या संवादपद्धतीवर, मांडला. हिशोबाच्या क्लासला हात लावला नाही. त्याच्यापुढे एक पातळ थर लिहिला, जो जेसन या मजकुराच्या स्वरूपात आलेली नोंद वाचतो, तपासतो, हिशोबाच्या क्लासला देतो आणि निकाल पुन्हा जेसनमध्ये लिहितो. जकार्ता रेस्ट या जावातील वेबसेवांच्या मानकाच्या चार-दोन ॲनोटेशनमध्ये, म्हणजे कोडला जोडलेल्या टिपांमध्ये, हे काम होते. हिशोबाच्या क्लासला आपण नेटवर्कवर आहोत हे कळतही नाही, त्यामुळे त्याच्या चाचण्या कोणताही सर्व्हर न चालवता करता येतात. दुकानाकडून होणारी जोडणी नेहमी आतून बाहेर, ४४३ या पोर्टवर जाते. तिथे मोबाइल राउटर असो की फायबर, ती अडत नाही.

जेसनमध्ये रकमा कशा पाठवाव्यात, यावर थोडे थांबायला हवे. संगणकाच्या द्विमान अपूर्णांकात १.००५ ही साधी संख्याही अचूक मावत नाही; ती १.००४९९९९… अशी साठते, आणि दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन केले की अपेक्षित १.०१ ऐवजी १.०० येते. जावात यासाठी दशांश संख्या अचूक ठेवणारा बिगडेसिमल हा प्रकार आहे आणि आमचा क्लास तेच वापरतो. पण जेसन वाचणाऱ्या पुष्कळ लायब्ररी आकडा दिसला की तो थेट द्विमान अपूर्णांकात घेतात, म्हणजे काळजीपूर्वक जपलेली अचूकता वाटेतच हरवते. त्यामुळे रक्कम पूर्ण पैशांत, पूर्णांक म्हणून पाठवायची आणि वजन मजकूर म्हणून पाठवायचे, असा नियम केला. पूर्णांकनाची पद्धतही करारात लिहून ठेवली. खरेदीदाराकडून शेकडा ५ पैसे देखरेख खर्च घेतला जातो. २१ क्विंटल माल ४,०१० रुपये भावाने गेला तर किंमत ८४,२१० रुपये आणि देखरेख खर्च ४२.१०५ रुपये येतो. अर्धा पैसा वर ढकलला तर ४२.११, आणि बँकांच्या हिशोबात आढळणाऱ्या, जवळच्या सम अंकाकडे जाणाऱ्या पद्धतीने ४२.१०. फरक एका पैशाचा असला, तरी दिवसाच्या शेवटी दुकानाची वही आणि सर्व्हरची बेरीज जुळत नाही, आणि न जुळणाऱ्या बेरजेवर कोणताही मुनीम वही मिटत नाही. प्रत्येक बाब पैशापर्यंत, अर्धा पैसा वर, आणि निव्वळ रक्कम शेवटी एकदाच रुपयापर्यंत, हा क्रम मी मुनीमजींशी बसून ठरवला.

आता या कामातील सर्वांत कठीण भाग. हिशोब करणे ही निरुपद्रवी गोष्ट आहे. तोच हिशोब दोनदा केला तरी बिघडत काही नाही. पण आमची सेवा पट्टीला क्रमांक देते आणि ती नोंदवहीत चढवते. दुकानाने विनंती पाठवली आणि उत्तर आले नाही, तर तीन शक्यता असतात: विनंती पोहोचलीच नाही, पोहोचली पण मध्येच काम बिघडले, किंवा पट्टी झाली, नोंदली गेली आणि फक्त उत्तर वाटेत हरवले. दुकानाकडून पाहता या तिन्ही स्थिती हुबेहूब सारख्याच दिसतात. यार्डात वीज गेली, राउटर बंद पडला, की नेमके हेच होते. मुनीमजींचे म्हणणे त्यावर सरळ होते, “ताई, यंत्राचं काय व्हायचं ते होऊ द्या, शेतकरी गादीसमोर बसलाय, त्याला पट्टी पाहिजे.” ते बटण पुन्हा दाबणार, हे उघड होते आणि त्यांचे ते करणे योग्यच होते. पुन्हा दाबल्यावर दुसरी पट्टी तयार होऊ नये, ही जबाबदारी सेवेची होती.

उपाय असा केला. दुकानातील प्रोग्राम विनंती पाठवण्याआधीच तिच्यासाठी १२८ बिटांची एक खूण तयार करतो आणि ती नोंदीसह आपल्या डिस्कवर लिहून ठेवतो, म्हणजे वीज जाऊन परत आली तरी खूण तीच राहते. सर्व्हर ही खूण पट्टीच्या नोंदीसोबत, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकतर पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही अशा लेखनात, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या तक्त्यात लिहितो आणि त्या रकान्यावर अनन्यतेचे बंधन आहे, म्हणजे तीच खूण तिथे दोनदा लिहिता येत नाही. तीच खूण पुन्हा आली तर नवी पट्टी न करता आधीचीच पट्टी, तिच्या मूळ क्रमांकासह, परत पाठवली जाते. दोन्ही विनंत्या अगदी एकाच क्षणी आल्या, तर दुसरीचे लेखन पहिलीचे ट्रान्झॅक्शन पूर्ण होईपर्यंत डेटाबेस थांबवून धरतो, त्यामुळे त्या फटीतूनही दुसरी पट्टी निसटत नाही. खूण तीच पण वजन किंवा भाव वेगळा, असे आढळले तर मात्र सेवा ती विनंती स्पष्टपणे नाकारते, कारण तो कुठल्या तरी गोंधळाचा पुरावा असतो आणि त्यावर मुकाट्याने पांघरूण घालणे धोक्याचे आहे.

पट्टीच्या क्रमांकासाठी डेटाबेसचे तयार सीक्वेन्स, म्हणजे आपोआप पुढचा आकडा देणारी सोय, वापरले नाहीत. ट्रान्झॅक्शन मागे घेतले गेले तरी सीक्वेन्सने दिलेला आकडा परत जात नाही आणि क्रमांकांत खाडे पडतात; लेखापरीक्षकाला मधला क्रमांक कुठे गेला, हे समजावून सांगणे अवघड जाते. प्रत्येक दुकानासाठी एक मोजणीची ओळ ठेवली आणि ती त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवली. यामुळे एका दुकानाच्या दोन पट्ट्या एकामागून एकच होतात, पण एका दुकानाचा वेग त्याहून जास्त नसतोच.

हे सगळे करताना एक गोष्ट जाणवली की पुनःप्रयत्न फक्त माणूसच करतो असे नाही. दुकानांतील जुन्या संगणकांवर जावा ८ आहे आणि तिथला ग्राहक जावाच्या अंगभूत एचटीटीपी जोडणीवर चालतो. या जोडणीच्या वेळेच्या मर्यादा मुळात शून्य, म्हणजे अमर्याद, असतात. आपण त्या दिल्या नाहीत तर पडदा गोठून बसतो. उलट बाजूने, आधीपासून उघडी असलेली जोडणी अचानक तुटली तर हीच लायब्ररी आपल्याला न विचारता पोस्ट विनंती पुन्हा एकदा पाठवू शकते, आणि ते थांबवायचे तर वेगळी प्रॉपर्टी द्यावी लागते. खुणेची व्यवस्था असल्यामुळे त्याचे भय उरले नाही, पण ती नसती तर वर्षातून कधीतरी उमटणाऱ्या दुहेरी पट्टीचे मूळ शोधणे फार कठीण गेले असते. दोन प्रयत्नांमधले अंतर क्रमाने वाढवत नेले आणि त्यात थोडी अनियमितता मुद्दाम ठेवली, कारण यार्डाची वीज परत येते तेव्हा सगळी दुकाने एकदमच जिवंत होतात आणि सगळ्यांनी एकाच सेकंदाला सर्व्हर गाठला, तर तो नुकताच सावरलेला असताना पुन्हा दबतो. बराच वेळ संपर्क झालाच नाही, तर दुकान वजनाची काटापट्टी छापून देते. पट्टी संपर्क आल्यावर त्याच खुणेने होते. दुकानाच्या संगणकावर हिशोबाचा पर्यायी क्लास ठेवावा, अशी सूचना आली होती. ती मी स्वीकारली नाही, कारण तसे केले तर नियम पुन्हा दोन ठिकाणी राहिले असते.

देवनागरी नावांनी वेगळीच परीक्षा घेतली. युटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. जावा ८ मात्र विंडोजवर त्या यंत्राचे जुने एन्कोडिंग गृहीत धरते आणि मजकूर बाइटमध्ये बदलताना युटीएफ-८ असे स्पष्ट सांगितले नाही, तर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. २०२२ मधील जावा १८ पासून युटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग झाले आहे, पण दुकानांतील संगणक तिथवर पोहोचलेले नाहीत. त्याहून सूक्ष्म अडचण ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ अशा आडनावांत आढळली. यातला रफार नसलेला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात, आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. सेवेच्या दारातच दुसऱ्या तऱ्हेचे रूपांतर पहिलीत करणारी एक लहान मेथड लिहिली. त्यामुळे एकाच शेतकऱ्याची दोन खाती होणे थांबले.

वेळेचा प्रश्न तसाच. सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होते, जी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. हंगामात मध्यरात्रीनंतरही मापे आणि नोंदी चालतात, आणि पहाटे साडेपाचच्या आधीच्या प्रत्येक पट्टीवर आदल्या दिवसाची तारीख पडली असती. नोंद प्रमाणवेळेतच ठेवली. बाजाराची तारीख काढताना मात्र भारतीय कालक्षेत्र कोडमध्ये स्पष्ट लिहिले.

डिप्लॉय करण्याचे, म्हणजे सेवा सर्व्हरवर बसवण्याचे, काम, तुलनेने, शिस्तीचे आहे आणि सोपे आहे. सर्व्हर आतच सामावलेली एक जार फाईल, म्हणजे जावाचा बांधलेला प्रोग्राम, तिच्यासाठी लिनक्सवर वेगळा, कमी अधिकारांचा वापरकर्ता, आणि ती चालू ठेवणारे, लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचे युनिट. ही फाईल फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकते. बाहेरच्या जगाला दिसतो तो विनंत्या आत पोहोचवणारा एनजिनएक्स हा वेबसर्व्हर, आणि जोडणी गुप्त ठेवणाऱ्या टीएलएसचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचे, ज्याची मुदत ९० दिवसांची असल्याने नूतनीकरण पहिल्याच दिवशी स्वयंचलित केले. दोन बारकावे नोंदवण्यासारखे आहेत. सिस्टमडीने थांबण्याचा इशारा दिला की जावाची प्रक्रिया १४३ या संकेतासह संपते आणि सिस्टमडी त्याला अपयश समजते. तो संकेत यशस्वी समाप्तीचा आहे, असे युनिटमध्ये लिहावे लागते. आणि थांबण्याच्या इशाऱ्यानंतर हातातल्या विनंत्या पूर्ण करूनच प्रक्रियेने संपावे, याची सोय कोडमध्ये हवी. डेटाबेसचा पासवर्ड वेगळ्या फाईलमध्ये ठेवला, जी सेवेच्या वापरकर्त्याखेरीज कोणी वाचू शकत नाही. प्रत्येक दुकानाला स्वतःची किल्ली दिली आणि ती विनंतीच्या हेडरमधून जाते, पत्त्यातून नाही, कारण पत्ते लॉगमध्ये लिहिले जातात. शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक सेवा मागतच नाही. पट्टी काढायला तो लागत नाही, आणि जे लागत नाही ते सर्व्हरवर आणणे मला अनुचित वाटते. नवी आवृत्ती सौदे संपून हिशोब मिटल्यावर, रात्रीच बसवली जाते आणि आधीची जार फाईल शेजारीच ठेवलेली असते.

दुकाने सेवेवर नेण्याआधी मागच्या हंगामाच्या सगळ्या पट्ट्यांची मूळ माहिती नव्या सेवेतून पुन्हा चालवली आणि निकाल जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहिला. बहुतेक ठिकाणी पैसा न पैसा जुळला. जिथे जुळला नाही, तिथे मुख्यतः हमालीचे जुने दर किंवा पूर्णांकनाचा क्रम कारणीभूत होता. अशी प्रत्येक विसंगती मुनीमजींपुढे ठेवली, आणि त्यातून नियमांची जी यादी तयार झाली, ती आज चाचण्यांच्या रूपाने क्लाससोबतच राहते. यार्डातील व्यवहाराचे हे ज्ञान कुठेही लिहिलेले नव्हते. ते वर्षानुवर्षे गादीवर बसलेल्या माणसांच्या हातात होते. ते लिहून निघाले, याचे मला या प्रकल्पातील इतर कशाहूनही अधिक समाधान आहे.

सेवा सुरू झाल्यावर पहिली मोठी मागणी ओलाव्याच्या रकान्याची आली. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, तेव्हा कोणाचा माल किती ओला होता, याची नोंद पट्टीबरोबर असावी, असे दुकानांना वाटू लागले. सगळी दुकाने एकाच दिवशी नवा ग्राहक बसवू शकत नव्हती. त्यामुळे ओलावा हा ऐच्छिक रकाना म्हणून वाढवला: तो आला तर नोंदवायचा, आला नाही तर पट्टी पूर्वीसारखीच करायची, आणि उत्तरात अनोळखी रकाना दिसला तर जुन्या ग्राहकाने तो सोडून द्यायचा. कपातीच्या नियमात मात्र ओलावा अजून आणलेला नाही. ज्या दिवशी तो निव्वळ रकमेवर परिणाम करू लागेल, त्या दिवशी तेच नाव, तोच पत्ता आणि वेगळी रक्कम असे होता कामा नये. म्हणून त्यासाठी दुसऱ्या आवृत्तीचा स्वतंत्र पत्ता राखून ठेवला आहे. कोणते दुकान कोणत्या आवृत्तीवर आहे, याची नोंद आता लॉगमध्ये होते, आणि पहिल्या आवृत्तीवर एकही विनंती येईनाशी झाल्यावरच ती बंद केली जाईल.